पेटी कच्ची नव्हती

सुखदेव गेल्याचं त्याच्या मुलीनं, करुणानं, फोनवर सांगितलं. "काका, बाबा गेले. चौकटीचं काम चालू होतं," एवढंच म्हणाली. पुढे कळलं ते असं की सकाळचा चहा पिऊन त्यानं रंधा हातात घेतला, छातीत कळ आली म्हणून जरा टेकला, आणि नेरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी शाळामास्तर, निवृत्तीनंतर यवतमाळला राहतो. गावी पोचलो तेव्हा ती चौकट त्याच्या अंगणात तशीच आडवी होती. तीन बाजू गुळगुळीत तासलेल्या, चौथी खडबडीत… लोक तिला ओलांडून ये-जा करत होते.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला अख्खं गाव आलं. त्याचं बरं वाटलं आणि भीतीही वाटली, कारण गाव आलं की भाषणं येतात. एक माजी सरपंच उठले. म्हणाले, "सुखदेव मिस्त्री म्हणजे लय साधा मानूस. दवाईच्या पेट्यायचा त्याचा उपक्रम चांगला होता. आता एका घरी पेटी कच्ची निघाली, त्याले तो बिचारा काय करन?" लोकांनी माना हलवल्या. पलीकडच्या रांगेत त्याची बायको पंचफुलाबाई पदर डोक्यावर घेऊन बसली होती. तिनं मान हलवली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. ते 'एक घर' आमचं होतं, आणि मी पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर तोंडाला कुलूप लावून बसलो होतो.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यातली आग विझलेली नाही. आधी तो 'साधा' शब्द घ्या. सुखदेव साधा नव्हता. सातवीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो, तेव्हापासून ओळखतो त्याला. तो हट्टी होता, खोचक बोलायचा आणि वाकडं काही त्याला सोसत नसे. गावच्या शाळेला एका ठेकेदारानं खिडक्या बसवल्या होत्या, त्यांतली एक बोटभर तिरकी होती. कोणालाच त्याचं काही नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत यानं कोणाला न विचारता ती खिडकी उखडली, ओळंबा धरून नीट बसवली, आणि ओरडायला आलेल्या हेडमास्तरांना म्हणाला, "सर, पोरं दिवसभर तिकडेच पाहतेत. वाकडं पाहू पाहू त्यायचीच मान वाकडी होईन." घराण्यात सुतारकाम नव्हतं. नेरला एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली पाच वर्षं राबून शिकला. गावातले परंपरेचे सुतार सुरुवातीला हसले, आणि पुढे अडलेलं काम त्याच्याकडेच आणू लागले. अशा माणसाला मेल्यावर साधा म्हणायचं म्हणजे त्याच्या कामाकडे कधी नीट पाहिलंच नाही असं कबूल करायचं!

पेट्यांची गोष्ट मात्र मुळापासून सांगायला हवी. कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळीनं पऱ्हाटी पोखरलेली, फवाऱ्यावर फवारे चाललेले, आणि शहरांतल्या जीपा आमच्या धुळीच्या रस्त्यांवरून 'परिस्थिती पाहायला' येत होत्या. घराघरांत औषधाच्या बाटल्या कुठेही पडलेल्या असत. खिडकीत, कणगीमागे, गोठ्यात, कधी तर स्वयंपाकघरातल्या फळीवर तेलाच्या बाटलीशेजारी. करुणा तेव्हा चार वर्षांची होती. आईबरोबर एका शेतकऱ्याच्या घरी गेलेली. तिथल्या खिडकीतल्या शीतपेयाच्या बाटलीत काय ओतून ठेवलंय हे तिला काय ठाऊक? झाकण उघडून तोंडाला लावणार तोच पंचफुलाबाईनं झडप घातली. त्याच दिवशी सुखदेवनं काम बाजूला ठेवलं आणि मोडक्या बैलबंडीच्या फळ्या काढून पहिली पेटी केली. बाजू एकही खिळा न मारता, दातात दात बसवून जोडलेल्या. पंचफुलाबाईनं पॉलिश पेपर घासला, विहाराला लावून उरलेला निळा रंग दिला आणि पोरीनं बोटांनी त्यावर कमळ काढलं. पाकळ्या सात झाल्या की आठ, यावर बापलेकीचं भांडण झालेलं मला आठवतं. पुढे गावातल्या प्रत्येक पेटीवर तोच निळा रंग आणि तसंच कमळ आलं.

पेटी कोणीही केली असती. सुखदेवची अक्कल होती ती चावीत. त्या साली त्याच्या मामेभावानं घरातल्या घरात, भरल्या ताटावरून उठून जिवाचं बरंवाईट करून घेतलं होतं. सुखदेव मला म्हणाला होता, "मास्तर, मानसाच्या डोक्यात थे येते न, थे घडीभराचं असते. तेवढी घडी टळली पायजे. चाबी घरातच असली त पेटी असून नसून सारखी. चाबी दुसऱ्याच्या घरी पायजे. जाईन, मांगन, बसन, दोन गोष्टी बोलन… तोवर घडी निंघून जाते." म्हणून त्याची अट होती. लाकूड ज्याचं त्यानं आणावं, पेटी तो करून देईल, पण कुलपाची चावी परक्या घरी राहील. भाऊकीतसुद्धा नाही. फवाऱ्याच्या दिवशी चावी मागून न्यायची आणि काम झालं की परत आणून टांगायची.

आता गावाची गंमत पाहा. पेट्या सगळ्यांना हव्या होत्या, पण कोणाची चावी कोणाकडे ठेवायची यावर एकमत होईना. याचा बांध त्याच्या बांधाला लागलेला, त्याचं पॅनेल याच्या पॅनेलच्या विरुद्ध. उरलं एकच घर, ज्याचा बांध कोणाच्याच बांधाला लागत नव्हता, कारण त्याला शेतच नव्हतं. अशा रीतीनं साऱ्या गावच्या चाव्या बौद्धपुऱ्यात सुखदेवच्या कामाच्या खोलीत, एका फळीवर, ओळीनं ठोकलेल्या खिळ्यांवर जाऊन बसल्या. फळीवर नावं नव्हती. प्रत्येक चावीला त्याच घरच्या लाकडाचा तुकडा बांधलेला होता. आमच्या चावीला आमच्या जुन्या दाराच्या सागवानाचा तुकडा होता. त्या घरी आणखी एक रीत पडली. चावी मागायला येणाऱ्याला पंचफुलाबाई आधी चहा देई, मग चावी. गावातले निम्मे लोक चहा नको म्हणत. का, ते या जिल्ह्यातल्या वाचकाला मी समजावून सांगायची गरज नाही. मीही नको म्हणत असे. घाईत आहे, शाळेची वेळ झाली, अशी कारणं माझ्याकडे तयार असत. शिकलेला होतो ना, कारणं चांगली सुचायची.

आमच्या घरून चावी आणायला शोभावहिनी जायची. ती माझ्या मोठ्या भावाची, दादाची बायको. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पेरणी, निंदण, वेचणी, गडीमाणसांच्या भाकऱ्या, सगळं तिच्या अंगावर होतं. घरात तिच्याशी बोलणं म्हणजे 'पाणी आण' आणि 'जेवण झालं का' एवढंच. चावी मागायला जायचं हे तिनं आपण होऊन अंगावर घेतलं आणि कोणाच्या ते ध्यानातही आलं नाही. ती चहा घ्यायची. नुसता चहाच नाही, तासभर बसायची. तान्ह्या पोळ्यासाठी सुखदेव पोरांचे लाकडी नंदी करायचा, त्यांचे डोळे वहिनी रंगवू लागली. मी एकदा सहज डोकावलो तर ती जमिनीवर मांडी घालून, जिभेचं टोक दातात धरून, एका नंदीच्या डोळ्यात काळा ठिपका भरत होती आणि करुणा तिच्या पाठीला रेलून बसली होती. सुखदेव म्हणाला, "पाह्य मास्तर, माह्या नंदीले आता दिसाले लागलं!" वहिनी हसली. आमच्या घरात मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

आणि मग कुजबुज बाबांच्या कानावर आली. अमक्याची सून बौद्धपुऱ्यात बसते, तिथला चहा पिते, कपबशी उचलते. बाबा तिला काही बोलले नाहीत. आमच्या घरात बायकांना समोरासमोर बोलायची पद्धत नव्हती, त्यांच्यासाठी परस्पर बंदोबस्त केला जाई. बाबांनी मला बोलावलं. म्हणाले, "तू रोज नेरले जातं. चाबी मांगून घे न बाजारातून तशीच एक दुसरी बनवून आन. हे रोजचं जानं-येनं बंद करू. कायले उगंच लोकायच्या तोंडाले लागाचं?" दादाही तिथेच होता. मी एका सकाळी सुखदेवकडून चावी घेतली, नेरच्या बसस्टँडजवळ चाव्या बनवणाऱ्याकडे दिली, तिथल्याच हॉटेलात चहा प्यायलो. हो, तिथला प्यायलो. पंधरा मिनिटांत दुसरी चावी तयार झाली. संध्याकाळी जुनी नेऊन सुखदेवला परत केली. "आज फवारा दिवसभर चालला वाटते," तो म्हणाला. मी "हो" म्हणालो.

नवी चावी देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात राहू लागली. वहिनीचं बौद्धपुऱ्यात जाणं बंद झालं. पंचफुलाबाईनं एकदा करुणाला विचारायला पाठवलं, तर आमच्या आईनं "काम हाये तिले" म्हणून दारातूनच परत लावलं. दोन महिने असे गेले. एका दुपारी आम्ही सगळे बाहेर होतो, मी नेरला वर्गावर, दादा आणि बाबा वावरात. बाबा पाणी प्यायला म्हणून घरी आले तेव्हा वहिनी गोठ्याजवळ पडलेली होती आणि निळ्या पेटीचं झाकण उघडं होतं. बाबांची हाक ऐकून शेजारच्या घरी दार बसवत असलेला सुखदेव धावत आला. त्यानंच तिला उचललं, त्यानंच जीप आणली. ती नेरपर्यंतही पोचली नाही.

दवाखान्याच्या आवारात मी पोचलो तेव्हा बाबा चार माणसांना सांगत होते, "मिस्त्रीची पेटी कच्ची निंघाली. कोयंडा हातानं उपटला तिनं." मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सुखदेव दोन हातांच्या अंतरावर उभा होता, वहिनीच्या लुगड्याचा ओला डाग त्याच्या सदऱ्यावर होता. तो म्हणाला, "असन काकाजी. कोयंडा कमजोर असन." बस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी अशी डोळ्यांनी पाहिली, आणि चोरांत मीही उभा होतो. घरी येऊन कोनाडा चाचपला, तिथे चावी नव्हती. बाबांनी विहिरीत टाकली असेल असं मी धरून चाललो. पेटी तर त्यांनी तेरवीच्या आधीच फोडून पाण्याच्या चुलीत घातली. कमळाची फळी जळायला वेळ लागला.

मग चौकशीवाले आले. कागदात शेतकरी कोण, तर ज्याच्या नावे सातबारा तो. वहिनीच्या नावे मातीचं ढेकूळ नव्हतं. एका तरण्या साहेबानं तिच्या नावापुढे 'गृहिणी' लिहिलं, कारणापुढे 'घरगुती' लिहिलं आणि वही मिटली. बारा वर्षं ती वेचायची तो कापूस काय देव्हाऱ्यात पिकत होता? पुढे कुठल्याशा योजनेतून पत्र्याच्या पेट्या वाटायला आले. वरातीमागून घोडं, पण आलं! मंडप टाकला, फोटो काढले. प्रत्येक पेटीच्या दोन्ही चाव्या सुतळीनं कडीलाच बांधलेल्या होत्या. म्हणजे कोणाची हरवू नये! सुखदेव मागे उभा होता. तो म्हणाला, "साहेब, चाबी पेटीलेच बांधली त मंग पेटी कायले?" साहेब म्हणाले, "तुमचीच पेटी फेल झाली ना हो? ऐकलंय आम्ही." लोक हसले. मी तिथे होतो. शिक्षक म्हणून हजेरी लावायला मला बोलावलं होतं. हसलो नाही एवढीच माझी मर्दुमकी.

त्यानंतर महिनाभर सुखदेव घरोघर फिरत होता. प्रत्येक पेटीचा कोयंडा उपटायचा आणि नवा, जाड, आरपार बोल्ट घातलेला कोयंडा ठोकायचा. मला वाटलं, त्याला खरंच वाटतंय आपलं काम फसलं. ज्याला शाळेची बोटभर तिरकी खिडकी सोसली नाही, तो आपल्या हातून एक जीव गेला असं समजून फिरतोय… आणि मला ठाऊक आहे की तसं नाही! एका तान्ह्या पोळ्याला पोरं नंदी ओढत नेत होती आणि आम्ही दोघं विहाराच्या ओट्यावर बसलो होतो. त्या वर्षीचे नंदी बिनडोळ्यांचे होते. तो अचानक म्हणाला, "मास्तर, तुले काही सांगाचं हाये का?" मी म्हणालो, "नाही. कायचं?" तो पोरांकडे वळला. "नाही, सहज," म्हणाला. त्यानंतर आमच्या भेटी झाल्या, लग्नकार्यं झाली, माझी बदली झाली, बाबा गेले, दादाही गेला. त्यानं पुन्हा विचारलं नाही. मी पुन्हा संधी शोधली नाही. एवढ्या वर्षांत ज्या मास्तरनं हजारभर पोरांना 'खरे बोलावे' हे फळ्यावर लिहून दिलं, त्याची ही कहाणी.

कार्यक्रमानंतर आठवड्यानं मी पुन्हा गावी गेलो, या वेळी थेट त्याच्या घरी. कामाच्या खोलीत ती फळी अजून होती. आता निम्मेअधिक खिळे रिकामे होते. शेती गेली, पोरं शहरात गेली, पेट्यांत आता कोणी बियाणं ठेवतं, कोणी कागदपत्रं. आमच्या सागवानाचा तुकडा मी ओळखला. त्या खिळ्यावर दोन चाव्या होत्या. एक जुनी, काळवंडलेली. दुसरी बाजारी, पातळ, अजून जराशी चकचकीत. मी हात पुढे केला. करुणा मागून म्हणाली, "थे तुमचा खिळा हाये, काका. बाबा म्हनत, तो येईन त मांगन. आपुन होऊन द्याची नाही."

पंचफुलाबाई चुलीजवळून उठून आली. इतक्या वर्षांचं तिच्या ओठावर होतं. "चाबी कुलपातच होती, गुरुजी. तुमच्या वहिनीले उचलाच्या आंधी ह्यायनं थे काढून खिशात घातली. म्हने, नेरले रोज कोन जाते हे पोलिसाले इचारा लागन का? मास्तरची नोकरी जाईन. मी लय भांडली. म्हटलं, तुमच्या कामावर डाग घेता कायले? तर म्हने, त्याचं तो सांगन एक दिवस." तिनं डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते आणि रागानं भरलेले होते. "न थे कोयंडे! चांगले कोयंडे उपटले ह्यायनं. लोकं पेट्या वापस कराले निंघाले होते, म्हनून. पेट्या घरात राह्यल्या पायजे म्हने, माहं नाव गेलं त गेलं."

मला सुखदेवचाही राग येतो. त्यानं ती चावी माझ्या तोंडावर फेकायला हवी होती. गावच्या पारावर माझी गचांडी धरायला हवी होती. इतकी वर्षं माझ्यासाठी वाट पाहायचं काय कारण होतं? पण त्याची रीतच ती होती. चावी ज्याला हवी त्यानं यायचं, बसायचं, मागायची.

पंचफुलाबाई म्हणाली, "बसा." मी बसलो. तिनं चहा ठेवला. वहिनी जिथे मांडी घालून बसायची तिथेच सतरंजी होती. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या घरचा चहा प्यायलो. साखर जास्त होती, आलं ठेचलेलं होतं. कप खाली ठेवला आणि पंचफुलाबाईला म्हणालो, "वहिनी, आमची चाबी द्या." तिनं खिळ्यावरून चकचकीत चावी तेवढी काढून माझ्या हातावर ठेवली. "हे तुमची. दुसरी इथंच राहीन." मी म्हणालो, हे सगळं मी पेपरात लिहीन. ती म्हणाली, "पेपरात मोठं मोठं लिहितेत, गुरुजी. गावाले समजन असं लिहा."

ती चावी आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. गावात पेपर सकाळच्या एसटीनं येतो आणि पारावर कोणीतरी तो मोठ्यानं वाचतो, हे मला ठाऊक आहे. जो वाचत असेल त्याला विनंती आहे की पुढचं जरा खणखणीत वाच, म्हणजे कोपऱ्यावरच्या घरांतही ऐकू जाईल. सुखदेव मिस्त्रीची पेटी पक्की होती. तिचा कोयंडा कोणी उपटला नाही. आमच्या वहिनीनं बौद्धपुऱ्यात बसून चहा पिऊ नये म्हणून आम्ही दुसरी चावी केली, आणि ती नेरहून मी आणली.